माळवदावरची माती

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमा जवळ आली की तेरखेड्याच्या हमरस्त्याला पायी चालणारी माणसं दिसू लागतात. यंदा फटाक्यांच्या दुकानांच्या ओळीत, लिंबाखाली दोन रांजण मांडलेले दिसले. कुणाचे म्हणून विचारलं, तर दुकानातला पोरगा म्हणाला, "मोठ्या मायचे." मोठी माय जाऊन वर्ष उलटलं. पोरगा मात्र ती आत भाकरी थापत असल्यासारखा बोलला.

मोठी माय माझ्या मित्राची आई, आणि आमच्या आळीची सगळ्यांचीच. मायाळू माणसाचा आवाज मऊ असतो असं लोक धरून चालतात. मला मऊ आवाजाचा फारसा भरवसा वाटत नाही. मोठी माय ओरडायची. "आधी पानी पी रं लेकरा, देवी काय पळून चाललीय?" उन्हानं लाल झालेला माणूस मुकाट बसायचा आणि प्यायचा.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव नुकतं झोपलं होतं. चारच्या सुमाराला उतरंड खडखडली, कुत्री केकाटली, आणि साऱ्या गावाच्या तोंडी एकच आलं, कारखाना उडाला! तेरखेड्यात दुसरं काय सुचणार? सुतळी बॉम्ब आणि शोभेची दारू यांवर जगणारं हे गाव, प्रत्येक हादऱ्याला आधी आपली माणसं मोजतं. सगळी सापडली. मग उजाडल्यावर रेडिओनं भूकंप झाल्याचं सांगितलं, किल्लारीचं, सास्तूरचं नाव घेतलं.

दुपारपर्यंत मोठी माय दुरडी घेऊन घरोघर फिरत होती. भाकरी नको म्हणाली, वाळून दगड होतील, धपाटे द्या. शेजारणीनं जुनेर पुढं केलं तर तिनं परत केलं. "तिचं सगळं गेलंय. फाटकं नेसवून आनिक काय घालवायचं तिचं?" लुगडी धड हवीत, सोबत चोळ्या हव्यात, फण्या हव्यात. फण्या! पुरुषांना हसू आलं. ती ट्रकमध्ये धान्याच्या पोत्यावर बसून गेली, आणि परतली तेव्हा तिच्या फण्यांना कुणी हसलं नाही.

तिकडं काय पाहिलं ते तिनं फारसं सांगितलं नाही. भिंतींचं मात्र सांगायची. हात पसरून रुंदी दाखवायची. मातीत रचलेले गोल दगड, आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दरसाल थर चढवत नेलेली ती माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमचीही घरं तशीच. त्याच आठवड्यात, पावसाची पर्वा न करता, तिनं लेकांना शिडी लावून माळवदावर चढवलं आणि निम्मी माती खाली ओढायला लावली. घर गळलं. बाजेखाली पातेली लावून ती निवांत झोपली. पुढं आळीतल्या बऱ्याच घरांवरची माती तिनं अशीच भांडून भांडून उतरवली. मला तिचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, आणि त्याची नोंद कुठंच नाही.

नोंद झालेल्या बायाही आमच्याच मुलखात आहेत. पलीकडं जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून खेड्यातल्या बायांना आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग्यांच्या उंबऱ्यावर गेल्या. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मोठ्या मायला तिथं धाडायला हवं होतं असं मला फार वाटायचं. एकदा बोलूनही दाखवलं, तर म्हणाली, "आन् हितलं कोन बघल?"

हितलं म्हणजे दारूकामावर जाणाऱ्या बाया. दिवाळीच्या आधी कामाची घाई असते तेव्हा ती संध्याकाळी रस्त्याला उभी राहायची आणि परतणाऱ्या प्रत्येकीला दटावायची, हात धुतल्याबिगर लेकराला घेऊ नको. चंदेरी भुकटीनं माखलेले हात पुढं व्हायचे. मोठी माय त्यांच्यावर पाणी ओतायची, नखं उलटीपालटी करून बघायची, आणि एखादीला पुन्हा धुवायला लावायची.