अण्णांची बेडकुळी

भाषाविज्ञानात मी डॉक्टरेट मिळवली, तीन दशके अध्यापन केले. परंतु एका शब्दाचा अर्थ मला वडिलांच्या रुग्णशय्येपाशी उमगला.

अण्णांना पक्षाघात झाला होता. आयुष्यभर शेतात राबलेला त्यांचा उजवा हात काही महिन्यांतच बारीक झाला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, मसल सुकलाय, रोज हलवायला हवा." अण्णांनी अडखळत मला विचारले, "मसल म्हणजे काय रे?"

मी सवयीने व्युत्पत्ती सांगू लागलो. लॅटिनमध्ये ‘मुस’ म्हणजे उंदीर. ‘मुस्कुलुस’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे छोटा उंदीर. त्यापासून इंग्रजी ‘मसल’ आला. ग्रीकमध्ये तर ‘म्यूस’ हा एकच शब्द उंदीर आणि स्नायू या दोहोंसाठी होता. हृदयाच्या स्नायूला वैद्यकात ‘मायोकार्डियम’ म्हणतात, त्यातही तोच उंदीर दडलेला आहे.

अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग डाव्या हाताने उजवा दंड चाचपत म्हणाले, "म्हणजे आपली बेडकुळी. ती गेली रे पळून."

मी निरुत्तर झालो. लहानपणी त्याच दंडाला लोंबकळत "अण्णा, बेडकुळी दाखवा ना" असा हट्ट मी धरीत असे. हा शब्दही लघुत्वदर्शकच आहे: छोटी बेडकी.

येथे साम्याचे दोन प्रकार आपण वेगळे ओळखावेत. लॅटिन ‘मुस’, ग्रीक ‘म्यूस’ आणि संस्कृत ‘मूष्’ हे एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दाचे वंशज आहेत. हे साम्य भाषाकुलाचे. ‘मुस्कुलुस’ आणि ‘बेडकुळी’ यांतील साम्य मात्र कल्पनेचे. हात वाकवताच कातडीखाली टुणकन वर येणारा उंचवटा पाहून एकाला उंदीर आठवला, दुसऱ्याला बेडूक. त्यासाठी उसनवारी मानण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने अण्णांना सांगितले, "आजोबा, बेडकुळीला परत बोलवा." अण्णांनी मनापासून हात हलवण्याचा प्रयत्न केला. हात पूर्वीसारखा झाला नाही, पण त्यानंतर त्यांनी एकही दिवस व्यायाम चुकवला नाही.

परीक्षेसाठी पारिभाषिक संज्ञा आपण अवश्य शिकाल. त्या शिकताना आपल्या घरात त्याच वस्तूला काय म्हणतात, हेही वहीत शेजारी लिहून ठेवा. ते सांगणारी माणसे घरात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या.