अकरा नॉब

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागलो, तेव्हा नर्लिंगला, म्हणजे धातूवर पकडीसाठी खरखरीत जाळी उठवण्याला, मी काम समजतच नव्हतो. जॉब फिरवायचा, रोलर दाबायचा, डायमंड उठतो. त्यात काय शिकायचं? मग पितळेच्या ४० नॉबची ऑर्डर आली आणि पहिल्याच दिवशी ११ नॉब भंगारात गेले.

डायमंडऐवजी बारीक, चुरगळलेली जाळी उठत होती. एका खाचेच्या जागी दोन. मी दोष रोलरला दिला. मालकांच्या मागे लागून नवी जोडी आणवली. अकरावा नॉब त्या नव्या जोडीवरचा. तोही तसाच.

शेजारच्या लेथवरचे अण्णा बघत होते. "घेर काढलास का?" मी ऐटीत व्हर्नियर दाखवला, बरोबर २०. "ह्यो व्यास झाला. मी घेर इचारतोय."

व्यास २० म्हणजे घेर ६२.८३ मिमी. रोलरचा पिच १ मिमी, पण दाते ३० अंशांत तिरके. त्यामुळे घेरावर दात्यांमधलं अंतर पडतं १.१५५ मिमी. भागाकार आला ५४.४. म्हणजे एक फेरा संपला की दाता आपल्या खाचेत न उतरता दोन खाचांच्या मधे उतरणार. व्यास १९.८५ केला की बरोबर ५४ बसतात. हा भाग कशात बसवायचा नव्हता, नुसता हातानं फिरवायचा होता. तरी ड्रॉइंगवरचे २० मी सोडायला तयार नव्हतो.

दुसरी चूक भीतीची. जॉब वाकेल म्हणून मी रोलर हलकेच टेकवायचो आणि हळूहळू दाब वाढवायचो. दुहेरी खुणा त्या हलक्या फेऱ्यांतच पडतात. पुढे कितीही दाबा, रोलर त्याच गिरवतो. अण्णांनी टेलस्टॉकचं सेंटर लावलं, रोलरची निम्मीच रुंदी जॉबच्या कडेवर घेतली आणि कमी आरपीएमवर सुरुवातीलाच घट्ट दाबला. दोन-तीन फेऱ्यांनंतर लेथ थांबवून खुणा पाहिल्या. एकेरी होत्या. मगच फीड दिला.

तिसरी चूक हावरेपणाची. या रोलरनं धातू कापला जात नाही, दाबला जाऊन वर उठतो. टोकं भरली की थांबायचं असतं. मी आणखी टोकदार करायला पुन्हा पुन्हा पास मारले. पितळेचे कण सुटले आणि रोलरखाली येऊन जाळीतच दडपले. ते धुऊन जायला भरपूर तेल लागतं. मी मात्र थेंब मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मी काढून ठेवलेली जुनी जोडीच परत लावायला सांगितली. उरलेले सगळे नॉब तिच्यावरच निघाले. तिच्यात काहीच दोष नव्हता. नव्या जोडीचा खर्च कशापायी झाला, हे मालकांना मी अजून सांगितलेलं नाही.