रानमोडी ओळखायची ती पानावरून!

डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरीला गेलात की रस्त्याकडेला, काजूच्या बागांत, पडीक जमिनीत फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे गच्च झुबके दिसतात. फोटो मस्त येतो, वर फुलपाखरंही असतात. पण हे कोकणचं रानफूल वगैरे नाही हं! ही रानमोडी, मूळची अमेरिका खंडातली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, ती गवत खातात... म्हणजे गवत कमी आणि हिला जागा मोकळी. रान मोडते म्हणून रानमोडी.

गंमत अशी, की फुलावरून ओळखली तर उशीर झालेला असतो. फुलानंतर येणारं केसाळ बी वाऱ्यावर पसरतं. म्हणून पान बघायचं. पानं समोरासमोर जोडीने, कडा दातेरी, आणि देठापाशी फुटलेल्या तीन ठळक शिरा, अगदी त्रिशूळच. चुरगाळलं की उग्र वास.

नुसती कापली तर बुंध्यातून परत फुटते, मुळासकटच काढावी लागते. आणि त्यासाठी मुहूर्त गणपतीचा! माती ओली, फुलं अजून लांब, आणि आपण सगळे आयते गावी. आमच्या काजूत आरतीआधीचा एक तास याच कामाचा असतो. या वर्षी तुम्हीही बघा करून.