निवडलेल्या खुणा

विवाहाआधीं गोत्र-प्रवर पाहण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. आतां तिच्या जोडीला जनुकांवरून कुळाचें मूळ शोधण्याची नवी हौस आली आहे. हें शोधन कसें चालतें, तें गृहस्थाश्रमी वाचकांनीं जाणून घेणें हिताचें.

मनुष्याच्या गुणसूत्रांवर सुमारें 3 अब्ज अक्षरें असतात. कोणत्याहि दोन माणसांत हजारीं एखाद्या अक्षराचाच फरक. सगळीं अक्षरें वाचणें खर्चाचें, म्हणून समाजसमूहांच्या अभ्यासांत थोड्या खुणा निवडून घेतात, व ती निवड संगणकाच्या आज्ञावलीकडे सोंपवितात. नोआ रोझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं 2003 सालीं त्यासाठीं एक माप दिलें. जी खूण दोन्ही समूहांत सारख्याच प्रमाणांत आढळते ती मागें पडते. जिचें प्रमाण भिन्न, ती वर येते.

मर्म येथेंच आहे. भेद दाखविणाऱ्या खुणाच वेंचल्यावर भेद दिसावा, यांत नवल तें काय? ज्या प्रश्नांत दोन तुकड्यांचे गुण भिन्न पडले तेवढेच प्रश्न निवडून निकाल वाचला, तर त्या तुकड्या दोन निराळ्या शाळांच्या वाटतील! रिचर्ड लेवॉन्टिन यांनीं तर 1972 सालींच दाखविलें कीं, मानवी विविधतेचा सुमारें 85 टक्के भाग एकाच समूहांतील माणसामाणसांत असतो.

आमच्या सीवूड्सच्या घरीं नातीचा विवाह ठरत होता. मुलगी चित्पावन, मुलगा देशस्थ; तेव्हां एका वडीलधाऱ्या आप्तांनीं दोघांचें 'मूळ' तपासण्याचा आग्रह धरला. मीं त्यांस इरावती कर्वे यांचें स्मरण दिलें. त्यांनीं व मल्होत्रा यांनीं महाराष्ट्रांतील आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक तुलना 1968 सालीं प्रसिद्ध केली. या पोटजाती एकाच मुळाच्या फांद्या आहेत, हें गृहीत बाईंना मान्य नव्हतें. मूळ पहिल्यापासूनच अनेक असेल, तर कोणतें शुद्ध राखावयाचें? आप्त बराच वेळ स्तब्ध राहिले. पण विवाहास उभे राहिले.

निवडलेल्या खुणा समूहांचा इतिहास सांगतात. वधूवरांची योग्यता नव्हे. रक्त तपासावयाचेंच तर थॅलसेमियासाठीं तपासावें. दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. ती खूण मात्र, कुळ कोणतेंहि असो, अवश्य पाहावी.