शेरा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. रात्रपाळ्या, मुलाची दहावी, मध्ये आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन... कारणं सांगत बसत नाही. पण परवा एका कागदावर दोन ओळी लिहायला मला दीड तास लागला, तेवढं मात्र सांगायचंय.

आमच्या दवाखान्यातली एक धाकटी सिस्टर आहे. नाव लिहीत नाही, ती हे वाचते. धरणाच्या पलीकडच्या काठावरची. ड्युटी रूमच्या मागच्या खिडकीतून रात्री तिच्या गावचे दिवे दिसतात. दिसायला हाकेच्या अंतरावर, पण एस.टी.नं जायचं म्हणजे पाण्याला अख्खा वळसा. तर ही पोरगी संध्याकाळी फाईल घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, जरा शेरा द्याल का?"

एम.एस्सी. नर्सिंगला तिचा नंबर लागलाय. दोन वर्षांचा कोर्स, विषय प्रसूती आणि स्त्रीरोग परिचर्या. त्यासाठी अध्ययन रजेचा अर्ज. वरती सगळं नीट लिहिलेलं, बी.एस्सी.ची गुणपत्रिका जोडलेली, सीईटीचा निकाल जोडलेला. खाली एक रकाना मोकळा: सदर कर्मचारी दीर्घ रजेवर गेल्यास कामकाजावर होणारा परिणाम. तो मी भरायचा. कारण गेल्या वर्षापासून मी इन्चार्ज आहे. सरकारी भाषेत परिसेविका.

मी म्हटलं, "ठेव इथं, उद्या देते." ती गेली आणि मी तो रकाना बघत बसले.

आता नोकरीत नसलेल्या मंडळींसाठी थोडं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अध्ययन रजेची सोय आहे. पाच वर्षं नोकरी झालेली हवी, शिक्षणाचा तुमच्या कामाशी थेट संबंध हवा. एका वेळी साधारण बारा महिने, सगळ्या नोकरीत मिळून चोवीस. परत आल्यावर तीन वर्षं नोकरी करीन असं बंधपत्र लिहून द्यायचं. ही रजा रजेच्या खात्यातून वजा होत नाही, म्हणजे तुमच्या अर्जित रजेला धक्का नाही. वाचायला फार छान. फक्त त्याच नियमांत हेही आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. सगळी भांडणं या एका वाक्यातून निघतात. तुम्ही पात्र असलात तरी "सध्या सोडता येणार नाही" एवढं म्हटलं की विषय संपला. आणि कॉलेजची प्रवेशाची तारीख काही तुमच्या आस्थापना शाखेसाठी थांबत नाही.

चोवीस महिन्यांचाही एक घोळ आहे. जी.एन.एम. करून लागलेल्या माझ्यासारखीला आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं, ते दोन वर्षांचं. मग एम.एस्सी., ते आणखी दोन. चार वर्षांचं शिक्षण आणि रजा दोनच वर्षांची. म्हणजे जिनं खालून सुरुवात केली तिची रजा अर्ध्या वाटेत संपते. ए.एन.एम. ताईंना जी.एन.एम. करायचं तर तो कोर्सच तीन वर्षांचा, तिथं ही रजा पुरतच नाही. ज्या मुलीनं बारावीनंतर थेट बी.एस्सी. केलं तिचंच गणित बरोबर बसतं. आमच्या या पोरीचं बसतं. माझं बसलं नाही. मी पोस्ट बेसिकसाठी चोवीस महिने वापरून बसलेय. मलाही पुढं शिकायचं होतं. असो.

(डॉक्टरांना सेवेत राहून पदव्युत्तर प्रवेशासाठी राज्यांनी कोटा ठेवावा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि 2020 मध्ये राज्यांना तो अधिकार आहे असा निकाल लागला. चांगलंच झालं. नर्सचा वाद मात्र भाऊसाहेबांच्या टेबलावर सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथंच संपतो. दिल्लीच्या कॉलेजात नर्सिंगची पदव्युत्तर पदवी 1959 पासून सुरू आहे, तरी आजही कुणी विचारतं, "सिस्टरला एवढं शिकून काय करायचंय?")

माझी गोष्ट 2012 ची. नोकरीला सहा वर्षं झाली होती. मुंबईच्या एका कॉलेजात पोस्ट बेसिकला जागा मिळाली. घरात पेढे वाटून झाले. तेव्हा मी दुसऱ्या दवाखान्यात होते. अर्ज वर गेला आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रशासकीय निकड व लोकहित विचारात घेता विनंती मान्य करता येत नाही. जागा गेली.

मी माहेरी जाऊन रडले. आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, त्याच्या आधीच आमची माणसं उठून वर माळावर आली. आबांच्या पेटीत जमिनीच्या नोटिशीचा पिवळा कागद होता, त्यात "सार्वजनिक प्रयोजन" असा शब्द. आबांनी माझं पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. "लोकहित" आलं तिथं मला थांबवलं आणि म्हणाले, "म्हंजी हे पत्र आपल्या घरात दुसऱ्यांदा आलं गं." आणि हसले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं, ते बघायला आबा दर वर्षी जायचे. पण धरण नको होतं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. खालच्या लोकांचा ऊस बघून ते खूशच व्हायचे. फक्त "आपल्याला इचारलं न्हाई" एवढं म्हणायचे.

पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा जागा मिळाली आणि या वेळी सोडलं. पोरगं तीन वर्षांचं होतं, सासूबाईंनी सांभाळलं. (आत्या, तुम्हीही सांभाळलंत, विसरले नाही!) पण 2012 चा राग गेला नाही. नंतर कळलं होतं की त्या अर्जावर आमच्या इन्चार्ज सिस्टरनीच "कामकाज विस्कळीत होईल" असा शेरा दिला होता. ज्यांनी मला पहिली सलाईन लावायला शिकवली, त्यांनी. मी त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमालाही गेले नाही.

आणि आता तोच रकाना माझ्यासमोर.

खरं सांगू? पहिलं वाक्य माझ्या मनात तेच आलं. कामकाज विस्कळीत होईल. कारण होईलच! कागदावर आम्ही सात, प्रत्यक्षात पाच. ती गेली की चार. चार जणींत तीन पाळ्या, आठवडी सुट्टी, नाईट ऑफ आणि एखादीचं पोर आजारी पडलं तर... बसवून दाखवा. रजेवर गेलेल्या सिस्टरच्या जागी दोन वर्षांसाठी दुसरी येते असं मी तरी पाहिलेलं नाही. गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या बायका नऊ महिने भरेपर्यंत फडात असतात आणि रात्री-बेरात्री ट्रॅक्टरमधून येतात. एकटी सिस्टर रात्री दोन बाळंतिणी कशी बघणार?

गेल्या हंगामात अशीच एक आली होती. बाळ नीट झालं, पण गर्भाशय आवळेना, रक्त थांबेना. डॉक्टरसाहेब होते, इंजेक्शनं झाली, 108 ला फोन झाला. गाडी येईपर्यंत ही पोरगी त्या बाईच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळत उभी होती आणि मग तशीच गाडीत चढून सिव्हिलपर्यंत गेली. बाई वाचली. सकाळी परत आली तेव्हा युनिफॉर्मवर वाळलेलं रक्त. चहासुद्धा न घेता मला विचारते, "मॅडम, हात नेमका किती दाबायचा, कधी सोडायचा, हे मला कुणी सांगितलंच नाही. मी अंदाजानं केलं." मला जे येत होतं ते सांगितलं. मला पण पुरतं येत नव्हतं.

त्या रात्री मी मोठ्या सिस्टरना फोन केला. तेरा वर्षांनी. त्यांनी आवाज लगेच ओळखला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलंच, "मॅडम, तेव्हा तसं का लिहिलंत?"

त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "अगं, त्या महिन्यात दोघी बाळंतपणाच्या रजेवर होत्या. तिसरी तू. साहेबांनी विचारलं, रात्री कोण? माझ्याकडे उत्तर नव्हतं." मग म्हणाल्या, "खोटं नव्हतं लिहिलं मी. पण ते लिहिल्यावर तू पुन्हा परीक्षा देशील का, याची मला वर्षभर धास्ती होती. दिलीस तेव्हा पुढच्या अर्जावर शिफारसही मीच लिहिली. ते सांगितलं का कुणी तुला?"

नव्हतं सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी ड्युटीचा तक्ता काढला. पेन्सिलीनं पुढच्या महिन्याचा चार जणींचा आखला. बसेना. खोडला. पुन्हा आखला, तरी आठवड्यातल्या दोन रात्री मोकळ्याच. इन्चार्जला रात्रपाळी नसते, तेवढंच काय ते या पदाचं सुख. शेवटी त्या दोन रात्रींत माझं नाव घातलं. सध्या पेन्सिलीनंच. घरी अजून सांगितलेलं नाही, आता इथं वाचून कळेल त्यांना.

मग रकाना भरला. "रिक्त पदांमुळे कामकाजावर परिणाम होईल. पर्यायी तक्ता सोबत जोडला आहे. दोन पदे त्वरित भरावीत. अर्जास शिफारस आहे." पहिलं वाक्य गाळावं असं दोनदा वाटलं. ठेवलं, कारण ते खरं आहे आणि ते खोडलं तर उद्या वरचे म्हणतील, पाचाच्या जागी चार चालतात की!

सकाळी तिनं ते वाचलं. पहिल्या वाक्यावर चेहरा उतरला, मग पुढचं वाचलं, मग तक्ता पाहिला. काही बोलली नाही. फाईल घेऊन आवक-जावकला गेली आणि नंबर टाकून घेऊन आली.

या गोष्टीला नऊ दिवस झाले. कॉलेजात हजर व्हायची मुदत अजून बारा दिवस आहे. भाऊसाहेबांना रोज फोन करतेय. आज म्हणाले, "साहेब मिटिंगला गेलेत, सोमवारी बघू."