अज्ञान पालनकर्ता

महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या उताऱ्यावर काही नावांपुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आढळतात. 'अज्ञान पालनकर्ता' हे त्यांचे पूर्ण रूप. अज्ञान म्हणजे वयात न आलेले मूल, आणि पालनकर्ता म्हणजे त्याच्या वतीने कारभार पाहणारा वडीलधारा. वकिलीच्या व्यवसायात आम्ही ही अक्षरे शेकडो वेळा वाचली असतील. परंतु अज्ञान हे विशेषण मुलाऐवजी पालनकर्त्यालाच लावावे, असे वाटण्याचे प्रसंग आम्हांस माळव्यातील धार व देवास या दोन गावी आले. विषय मुलांच्या मूत्रमार्गाच्या व जननेंद्रियांच्या दुखण्यांचा आहे. देवळाच्या सभामंडपात भेटणाऱ्या वाचकांपुढे तो मांडावा की नाही याचा आम्ही पुष्कळ विचार केला, आणि मांडलाच पाहिजे असे ठरविले.

धार व देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. तथापि पवारांच्या आश्रयाने तिकडे गेलेली मराठी घरे आजही तेथे नांदत आहेत. आमच्या मावशीचे घर धारचे व सासुरवाडी देवासची. या घरांत गोवर, कांजिण्या, जंत यांची चर्चा पंगतीतसुद्धा चालते. बेंबीखालच्या दुखण्याविषयी मात्र कडकडीत मौन! 'शूची जागा' याहून अधिक शब्द मुलाला दिलेला नसतो, आणि मूल जाणते झाले की तोही काढून घेतला जातो.

या मौनाची किंमत धारला मावशीच्या तेरा वर्षांच्या नातवाने दिली. एका रात्री त्याच्या एका वृषणात एकाएकी तीव्र वेदना सुरू झाल्या. त्याने 'पोटात दुखते' एवढेच सांगितले. ओवा झाला, हिंगाचा लेप झाला. ओकाऱ्या होऊ लागल्या तेव्हा अजीर्ण ठरले. पहाटे पाऊल उचलवेना, तेव्हा खरी जागा कळली. वृषणाला रक्त पोचविणाऱ्या नाडीला पीळ पडला होता. असा पीळ सुमारे सहा तासांच्या आत सोडविल्यास वृषण बहुधा वाचतो. पुढे तासागणिक आशा मावळत जाते. मुलगा बरा झाला, परंतु तो वृषण काढावा लागला, व दुसऱ्यास तसाच पीळ पडू नये म्हणून तो टाके घालून स्थिर करावा लागला. एक वृषण निरोगी असल्यास पुढे संसारास सहसा बाध येत नाही, हेच काय ते समाधान. धारहून इंदूर साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे दोन तासांची वाट. वेळ रस्त्याने खाल्ला नाही, लाजेने खाल्ला.

देवासचा प्रकार याहून सौम्य, पण मनाला अधिक बोचणारा. आमच्या मेहुण्यांचा सात वर्षांचा मुलगा रात्री अंथरूण ओले करी. उपाय म्हणून वडील त्यालाच ती चादर शेजाऱ्यांदेखत वाळत घालावयास लावीत. एके दिवशी सासूबाई मेहुण्यांना शांतपणे म्हणाल्या, "अरे, तूही दहाव्या वर्षापर्यंत हेच करीत होतास. मी तुला कधी अंगणात उभे केले का?" त्या दिवसापासून ती शिक्षा बंद झाली.

सासूबाईंचे बोलणे वैद्यकासही धरून होते. ही खोड पुष्कळदा वंशपरंपरेने येते. ती आळस नव्हे की हट्ट नव्हे. पाच वर्षांच्या मुलांतही ती बरीच आढळते, आणि बहुतेकांची वयपरत्वे आपोआप सुटते. दिवसा भरपूर पाणी, निजण्यापूर्वी थोडे, बद्धकोष्ठतेवर उपचार, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. न पडल्यास अंथरूण ओले होताच वाजणारी घंटा व औषधेही आहेत. मात्र कित्येक महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर मधुमेह व जंतुसंसर्ग यांसाठी लघवी तपासून घ्यावी.

पालनकर्त्याने ज्ञात करून घ्यावे असे आणखी थोडेसे आहे. मुलग्याचे दोन्ही वृषण जन्मतः खाली उतरलेले आहेत की नाहीत, हे स्नान घालताना पाहावे. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहता येते. नंतर शस्त्रक्रिया वर्षाच्या आत, फार तर दीड वर्षापर्यंत व्हावी, कारण विलंबाने प्रजननशक्ती घटते व पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. शिश्नाची कातडी लहानपणी मागे न सरकणे हे स्वाभाविक आहे. तेल लावून ती बळाने मागे ओढण्याची चाल मात्र घातक आहे. त्याने जखम होऊन खरोखरच आकुंचन येते. रडताना जांघेत येणारा फुगा अंतर्गळ असतो व त्यास शस्त्रक्रियाच लागते. तो कठीण झाला, दुखू लागला, मूल ओकू लागले, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. वृषणाभोवती साचलेले पाणी मात्र बहुधा एकदोन वर्षांत आपोआप जिरते. मुलग्याची धार बारीक असेल, थेंबथेंब पडत असेल, तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो आणि त्याची हानी मूत्रपिंडांस पोचते. तान्ह्या मुलास सर्दीखोकल्यावाचून ताप आल्यास, मुलगा असो वा मुलगी, औषधाआधी लघवी तपासावी. मुलींना शौचानंतर पुढून मागे धुण्यास शिकवावे.

हे बोलणे आपल्या परंपरेस सोडून आहे, असे कोणी म्हणू नये. सुश्रुताने मूतखड्याचे विवेचन करताना तो विशेषेकरून बालकांना होतो, व त्यांचा बस्ती लहान असल्याने खडा काढणे सुलभ जाते, असे निःसंकोच नोंदविले आहे. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास परिणाम संशयित, म्हणून सज्जन वैद्याने आधी अधिपतीची अनुज्ञा घ्यावी, असेही तो सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या सत्ताविसाव्या कलमाचे बीज आम्हांस त्यात दिसते. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावपूर्वक केलेला उपचार काही मर्यादांत अपराध ठरत नाही, असे ते कलम सांगते. २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदाही आईबापांच्या संमतीने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीस आडवा येत नाही. कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. त्या वाटेने मुलाला नेणारा मात्र आपणच असतो.

आणखी एक गोष्ट न्यायालयातील अनुभवाने सांगतो. ज्या मुलाजवळ स्वतःच्या अवयवास शब्द नाही, त्याला दुखणे सांगता येत नाही, आणि कोणी आगळीक केल्यास तीही सांगता येत नाही. अशा साक्षीच्या वेळी मूल खाली मान घालून उभे राहते, आणि सारे न्यायालय त्याच्या एका शब्दाची वाट पाहते. तो शब्द आईबापांनी घरातच द्यावयाचा असतो.

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा यांच्या पायांवर मुले घातली जातात. आमच्याही घरची घातली गेली. नवस अवश्य बोलावा. पण मूल दुखण्याने कळवळत असेल, तर तो इंदूरच्या वाटेवर, गाडीत बसून बोलावा.