खोडलेले शब्द

इटालियनच्या उच्च अभ्यासात मान्झोनीची ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी वाचायची, तर १८२७ ची आणि १८४०-४२ ची अशा दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवाव्या लागतात. कथानक तेच, पालटली ती भाषा. घरी मिलानी बोली आणि फ्रेंच बोलणाऱ्या या लेखकाने फ्लॉरेन्सच्या सुशिक्षितांचे बोलणे प्रमाण मानून ओळीओळीचे पुनर्लेखन केले. १८६१ साली देश एक झाला तेव्हा इटालियन बोलणारे, दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार, शेकडा अडीचच होते. त्या राष्ट्राची भाषा घडविण्यास या कादंबरीने शाळाशाळांतून हातभार लावला, हे निर्विवाद. तरीही पाठभेद पाहताना माझे मन पहिल्या आवृत्तीतल्या लोम्बार्द वळणाच्या, पुढे खोडलेल्या शब्दांपाशीच रेंगाळते. वऱ्हाडीत वाढलेल्या मलाही माझ्या मराठी प्रबंधातून असेच शब्द वगळावे लागले होते.